विलेपार्ले विधानसभा पोटनिवडणूक, १९८७

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील विलेपार्ले मतदारसंघात १३ डिसेंबर १९८७ रोजी झालेली पोटनिवडणूक. प्रचारात धर्माच्या नावाने मते मागितल्याच्या कारणावरून ती पुढे रद्द ठरली. या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयातील निकाल (‘डॉ. रमेश यशवंत प्रभू विरुद्ध प्रभाकर काशिनाथ कुंटे’, ११ डिसेंबर १९९५) श्रद्धा, प्रचाराची भाषा आणि सार्वजनिक सभ्यता यांवरील भारतीय कायद्याच्या चर्चेत आजही मध्यवर्ती आहे.

पार्श्वभूमी : पार्ले टिळक विद्यालय (१९२१) आणि लोकमान्य सेवा संघ (१९२३) या संस्थांभोवती वाढलेली पार्ल्याची मध्यमवर्गीय मराठी वस्ती रूढी-परंपरा मानणारी आणि व्याख्यानांना गर्दी करणारी. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाची छावणीही येथेच होती. पूर्वेला विमानतळालगतच्या झोपडवस्त्या, पश्चिमेला गुजराती व्यापारी कुटुंबे, किनाऱ्याकडे कोळीवाडे असा हा मिश्र परिसर आहे.

उमेदवार : शिवसेनेतर्फे मुंबईचे महापौरपद भूषवलेले डॉ. रमेश प्रभू, काँग्रेसतर्फे प्रभाकर कुंटे, जनता पक्षातर्फे प्राणलाल व्होरा. भारतीय जनता पक्षाने या वेळी व्होरा यांना पाठिंबा दिला होता. प्रभू विजयी झाले (निकाल १४ डिसेंबर). सेना-भाजप युती १९८९ मध्ये झाली. या निकालाने तिला किती गती दिली, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

प्रचार : शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांची २९ नोव्हेंबर (पार्ले), ९ डिसेंबर (खारदांडा) आणि १० डिसेंबर (जलतरण मैदान, पार्ले पूर्व) ही तीन भाषणे खटल्याचा मुख्य आधार ठरली. उघडपणे हिंदुत्वावर लढवलेली ही पहिली निवडणूक, असे तिचे वर्णन होते.

खटला : कुंटे यांनी मुंबई उच्च न्यायालयात निवडणूक याचिका (१९८८ची क्रमांक १) दाखल केली. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ मधील दोन पोटकलमे येथे कळीची होती. पोटकलम (३) नुसार उमेदवाराच्या धर्म, वंश, जात, समाज वा भाषेच्या आधारे मते मागणे, आणि (३अ) नुसार नागरिकांच्या गटांत वैरभाव वाढवणे, हे भ्रष्ट आचार ठरतात. या कायद्यात भ्रष्ट आचार म्हणजे केवळ पैशांचा व्यवहार नव्हे. शब्दांनीही तो घडतो. उच्च न्यायालयाने ७ एप्रिल १९८९ रोजी निवडणूक रद्द केली. ठाकरे उमेदवार नसल्याने त्यांना कलम ९९ खाली नोटीस देऊन बाजू मांडण्याची संधी दिली गेली आणि त्यांच्यावरही ठपका आला. प्रभू व ठाकरे या दोघांची अपिले सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल : न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील त्रिसदस्य पीठाच्या या निकालातील एकच भाग सर्वतोमुखी झाला. ‘हिंदुत्व’ हा शब्द वापरला म्हणून भाषण आपोआप दोषी ठरत नाही, तो शब्द सामान्यतः जीवनपद्धती सुचवतो आणि संकुचित धर्मांधतेशी त्याची सरसकट गल्लत करू नये, असे न्यायालयाने म्हटले. त्यासाठी इतर निर्णयांबरोबर १९६६च्या ‘शास्त्री यज्ञपुरुषदासजी’ खटल्यातील सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या हिंदू धर्माविषयीच्या विवेचनाचा आधार घेतला गेला. तो खटला स्वामिनारायण मंदिरांत दलितांच्या प्रवेशाचा होता. हिंदुत्ववादी संघटनांनी १९९५च्या निकालातील या भागाचे स्वागत केले, तर घटनेच्या अनेक अभ्यासकांनी त्यावर कठोर टीका केली.

निकालाचा उरलेला भाग कायद्याच्या दृष्टीने अधिक मोलाचा असूनही क्वचितच उद्धृत होतो. धर्माच्या आधारे मते मागण्यावरील बंदी भाषणस्वातंत्र्याचा भंग करते, हा बचाव न्यायालयाने नाकारला. अनुच्छेद १९(२) मधील ‘सभ्यता’ लैंगिक अश्लीलतेपुरती मर्यादित नाही, सार्वजनिक वर्तनातील औचित्यही तिच्यात येते, आणि धर्मनिरपेक्ष राज्यात उमेदवाराच्या धर्मावर मते मागणे त्या औचित्याला सोडून आहे, असा हा युक्तिवाद. अमेरिकेत पहिल्या घटनादुरुस्तीमुळे असा कायदा टिकणे अवघड. तेथे उमेदवार देवाच्या नावाने उघड आवाहन करतात आणि प्रचारातील संयम बहुतांशी पक्ष, चर्च व मतदार यांच्या विवेकावर सोडलेला असतो. भारताने तो वैधानिक कर्तव्याच्या पातळीवर नेला.

त्याहून महत्त्वाचा आहे शेवटाकडील परिच्छेद. पक्षाच्या सर्वोच्च नेत्याने एका समाजाविषयी हीन शब्द वापरावेत याबद्दल न्यायालयाने तीव्र खेद नोंदवला. नेता जितका मोठा, तितकी त्याच्या भाषेची जबाबदारी मोठी, असे बजावले. संयमित भाषेची अपेक्षा न्यायालयाने परकीय उदारमतवादाकडून उसनी आणली नाही. आपल्या सांस्कृतिक वारशातील जपलेली मूल्ये या भाषणांनी झुगारली, असे त्याने म्हटले. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या राजकारणाला परंपरेच्याच कसोटीवर घासून पाहणारा हा विचार आहे, आणि प्रस्तुत नोंदीत त्याला जीवनपद्धतीच्या व्याख्येपेक्षा अधिक जागा देणे आवश्यक वाटते. जो परंपरा राखू म्हणतो त्याने आधी वाणी राखावी, ही अपेक्षा संतवाङ्मयावर वाढलेल्या मराठी श्रोत्याला नवी नाही.

त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयात दादरच्या १९९० सालच्या निवडणुकीविषयीच्या खटल्याचा निकालही लागला. पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल, हे तेथून निवडून आलेले शिवसेनेचे मनोहर जोशी यांचे विधान न्यायालयाने धर्माच्या आधारे मते मागणे मानले नाही. जोशी यांची निवड कायम राहिली. निकालाच्या वेळी ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. दोन्ही निकालांतील तर्क परस्परांशी कितपत जुळतात, यावर मतभेद आहेत.

परिणाम : निवडणूक आयोगाच्या शिफारशीवरून १९९९ मध्ये ठाकरे यांचा मतदानाचा व निवडणूक लढवण्याचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला.

उत्तरकाळ : शेजारच्या सांताक्रुझ मतदारसंघातून १९९० मध्ये निवडून आलेले भाजपचे अभिराम सिंग यांची निवड कलम १२३ खालीच रद्द झाली आणि तो वाद सात न्यायाधीशांच्या घटनापीठापर्यंत गेला. ऑक्टोबर २०१६ मध्ये पीठाने १९९५च्या हिंदुत्वविषयक विवेचनात शिरण्यास नकार दिला. २ जानेवारी २०१७ रोजी ४ विरुद्ध ३ मतांनी निर्णय झाला : कलमातील निषेध उमेदवाराच्या धर्मापुरता नसून मतदाराच्या धर्मालाही लागू आहे. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी न्या. गोयल व न्या. लळित यांच्यासह भिन्नमत नोंदवले. धर्म, जात वा भाषेमुळे ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना तो प्रचारात मांडता आलाच पाहिजे, आणि कलमाचा अर्थ उमेदवार व त्याचा प्रतिस्पर्धी यांच्यापुरताच घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते.