पुढे दुकान, मागे शाळा

आज आम्ही अमेरिकेतल्या एका शाळेबद्दल सांगणार आहोत. ही शाळा मोठ्या माणसांची होती आणि भरायची किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी बंद झाली. वर्णावरून कुणाचा मताचा हक्क काढून घ्यायचा नाही, असं १८७० साली घटनेत लिहिलं गेलं. बायकांना हा हक्क १९२० साली मिळाला. कागदावर सगळं झालं. पण दक्षिणेकडच्या राज्यांनी पळवाटा काढल्या. साउथ कॅरोलायनात मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलं, की राज्याच्या घटनेतला भाग वाचून-लिहून दाखवायला सांगत. लहानपणापासून शेतात राबलेल्या कृष्णवर्णीय बायांनी तो कसा वाचायचा?

सेप्टिमा क्लार्क या तिथल्या कृष्णवर्णीय शिक्षिका. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं सभासदत्व सोडायला त्यांनी नकार दिला. १९५६ साली त्यांची नोकरी गेली, पेन्शनही गेली. त्या खचल्या नाहीत. जॉन्स आयलंड या बेटावर इसॉ जेन्किन्स नावाचे गृहस्थ बस चालवत. ‘आम्हाला वाचायला शिकवा,’ असं प्रवासी त्यांच्यामागे लागले होते. या दोघांच्या पुढाकाराने जानेवारी १९५७ मध्ये नागरिकत्वाची शाळा सुरू झाली. गोऱ्यांना संशय येऊ नये म्हणून पुढे सहकारी दुकान आणि मागे वर्ग.

शिकवायला कोण? बर्निस रॉबिन्सन. त्या केशरचनेचं आणि शिवणकाम करून पोट भरत. गिऱ्हाइकं आपल्याच समाजातली, त्यामुळे कामावरून काढायला वर मालक नव्हता. मैत्रिणींनो, हे नीट ध्यानात घ्या. स्वतःची कमाई होती, म्हणून त्यांना हे धाडस परवडलं.

पहिल्या वर्गात १४ जण होते. ‘तुम्हाला काय शिकायचंय?’ असं बर्निसबाईंनी आधी त्यांनाच विचारलं. कुणाला सही करायची होती, कुणाला बायबल वाचायचं होतं, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. लहान मुलांची पुस्तकं त्यांनी बाजूला ठेवली आणि हेच फॉर्म शिकवायला घेतले. त्यातूनच पुढे घटना वाचून झाली आणि मतदार यादीत नावं लागली. अशा शाळा मग दक्षिणेत गावोगाव निघाल्या.

१९६५ साली मतदान हक्काचा कायदा आला आणि वाचन परीक्षेच्या अशा अटींना चाप बसला. पण कायदा येईपर्यंत या बाया हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या.

आपल्या घटनेने मतासाठी लिहिण्या-वाचण्याची अट पहिल्यापासूनच ठेवली नाही. पण यादीत नाव असणं वेगळं आणि ग्रामसभेत उठून प्रश्न विचारणं वेगळं. तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला, की दहा मिनिटं जास्त बसा. मतदार यादी समोर घ्या आणि आपली नावं आपणच वाचा. जिला वाचता येत नाही, तिला शेजारणीने शिकवावं.