मैदान सांगणारी माणसे

मुनिरका गावात घरे इतकी खेटून आहेत की समोरच्या खिडकीतला टीव्ही आपल्याच खोलीत लागल्यासारखा वाटतो. २०२३ साली आयपीएलचे सामने जिओसिनेमावर बारा भाषांतून ऐकता येत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे, तिथल्या फोनवर भोजपुरी चालू असे. वरच्या मजल्यावर परीक्षांची तयारी करणारी मुले हिंदी लावत. मी स्वयंपाकाच्या ओट्यावर फोन टेकवून मराठी लावी. नेटच्या वेगाप्रमाणे एकच चेंडू प्रत्येकाकडे वेगळ्या वेळी पोचे. खाली आरडाओरडा व्हायचा आणि माझ्या फोनवरचा गोलंदाज अजून धावतच असायचा.

माझ्या घरमालकांना सगळी गल्ली ताऊ म्हणते. त्यांना यातले काहीच पसंत नव्हते. त्यांच्या मते समालोचक एकच होऊन गेला, जसदेव सिंह. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला २-१ असे हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकला, तो सामना ताऊंनी रेडिओवर ऐकला होता. निर्णायक गोल अशोककुमारचा, हे त्यांना मला विचारावे लागले. पण त्या क्षणी जसदेव सिंहांचा आवाज कसा चढत गेला, हे त्यांनी जिन्यात उभे राहून मला हातवाऱ्यांसकट ऐकवले. "अब वैसे बोलने वाले कहाँ, बेटा," असे म्हणून ते वर गेले.

मला बाबा आठवले. साताऱ्याच्या घरी ते असेच बाळ ज. पंडितांची नक्कल करत. पंडितांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो बाबांच्या तोंडून. मूळ आवाज नंतर कानावर आला, तेव्हा तो बाबांसारखाच वाटला. भाषांतराच्या धंद्यात पडल्यावर या उलट्या ओळखीचा मला पुष्कळदा विचार करावासा वाटला. खेळाडूंचे विक्रम पुस्तकांत सापडतात. पण खेळ सांगणाऱ्या माणसाचा आवाज लोक अंगावर का बाळगतात? आणि तो आपल्या भाषेतला असला, तर त्याने नेमके काय केलेले असते?

आपल्याकडे या गोष्टीची सुरुवात इंग्रजीत झाली. १९३४ साली मुंबईत एस्प्लनेड मैदानावर पारशी आणि मुस्लिम संघांच्या चौरंगी सामन्याचे धावते समालोचन ए. एफ. एस. तल्यारखान यांनी केले. ते भारतातले पहिले क्रिकेट समालोचन मानले जाते. बॉबी तल्यारखान दिवसभर एकटे बोलत. उपाहार आणि चहापान एवढीच काय ती विश्रांती. मायक्रोफोन दुसऱ्या कोणाच्या हाती देणे त्यांना मान्य नव्हते. १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ आला तेव्हा आकाशवाणीने एकाहून अधिक समालोचक नेमायचे ठरवले आणि तल्यारखान बाजूला झाले. त्यांची भाषा इंग्रजी असली तरी माणूस पुरता मुंबईचा होता. मात्र त्यांचे बोलणे समजायला इंग्रजी लागे, आणि मैदानाभोवती उभ्या असलेल्यांतही ते सगळ्यांना येत नव्हते.

त्या काळी आणि नंतरही, ज्याला इंग्रजी येई तो आळीचा समालोचक होई. २४ ऑगस्ट १९७१ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, अजित वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला हरवले. बाबा तेव्हा कॉलेजात होते. शेजारच्या शिक्षकांच्या ओसरीवर रेडिओ ठेवला होता. गुरुजी एक कान रेडिओला लावून दर षटकानंतर जमलेल्यांना मराठीत सांगत. घरोघरी गणपती बसलेले, आरतीची वेळ होत आलेली, तरी कोणी हलेना. अबिद अलीने विजयी फटका मारला हे रेडिओने सांगितले, पण आपण जिंकलो हे गुरुजींनी सांगितल्यावरच ओसरीला कळले. बाबांच्या आठवणीत त्या विजयाचा आवाज गुरुजींचाच आहे.

गुरुजी ओसरीवर जे करत, ते आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांनी केले. पंडित स्वतः क्रिकेट खेळलेले, शिवाय हाडाचे लेखक. सुनील गावसकरांचे 'सनी डेज' त्यांनी मराठीत आणले. रेडिओवरून घराघरांत मराठी क्रिकेट रुजवले याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते. सप्टेंबर २०१५ मध्ये पुण्यात ते वारले. छापील बाजू वि. वि. करमरकरांनी सांभाळली. १९६२ साली सुरू झालेल्या 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये त्यांनी खेळाला हक्काची जागा मिळवून दिली, आणि मराठीतून समालोचनही केले. शब्द कोणी एकट्याने घडवले नाहीत. काही वर्तमानपत्रांतून आले, काही मैदानावरून, काही गल्लीतून. पण छापलेला शब्द आणि बोलला जाणारा शब्द यांत फरक आहे. चेंडू यष्ट्यांवर जाऊन आदळायला निमिष लागते. तेवढ्या वेळात जो शब्द तोंडातून सहज निघतो तोच टिकतो. समालोचक ही त्या शब्दांची कसोटी होती.

हे शब्द नीट पाहिले तर एक गंमत दिसते. त्रिफळाचीत, पायचीत, धावचीत, यष्टीचीत. यांतला 'चीत' कुस्तीच्या हौद्यातून आला आहे. पाठ मातीला लागली की मल्ल चीत होतो. 'सलामीची जोडी' म्हणताना पुन्हा आखाडा आठवतो, कारण कुस्तीच्या आधी मल्लांची सलामी झडते. 'डाव' आणि 'गडी' तर आपल्या जुन्या खेळांतलेच. 'पंच' गावच्या पारावरून उठून मैदानात आला. 'बळी' देवळापुढून आला. आणि 'गोलंदाज' आला तो तोफखान्यातून. फारसीत 'अंदाज' म्हणजे फेकणारा. तिरंदाज तीर मारी, गोलंदाज तोफेचे गोळे. तोफा गेल्या, तेव्हा मराठीने हा जुना शब्द चेंडू टाकणाऱ्याला देऊन टाकला आणि त्याच्याच चालीवर बॅट धरणाऱ्याला 'फलंदाज' केले. व्युत्पत्तीच्या हिशेबाने फलंदाज म्हणजे फळी फेकणारा. पण हा हिशेब कोणी मागितला नाही, कारण शब्द कानाला पटला होता.

हिंदीने वेगळी वाट धरली. तिथे गेंदबाज आणि बल्लेबाज झाले. एलबीडब्ल्यूला हिंदी समालोचक 'पगबाधा' म्हणतात. पायाने अडथळा आणला, असा तो नियमाचा नेमका अनुवाद आहे. मराठीतल्या 'पायचीत'मध्ये नियम दिसत नाही, दिसतो तो पायानेच घात झालेला माणूस. दोन्ही अनुवाद चांगले आहेत. एक कायदा सांगतो, दुसरा घटना. वर्गात मला कोणी अनुवादाचे प्रकार विचारले, तर मी हीच जोडी सांगते.

आणि या सगळ्यांच्या शेजारी 'यष्टी' आणि 'षटक' हे थेट संस्कृत शब्द न अवघडता उभे आहेत. याचे नवल वाटू नये. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्राला रणजी करंडक जिंकून देणारे कर्णधार, प्रा. दि. ब. देवधर, पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवत.

या भाषेने खेळ कोणाकोणापर्यंत नेला हे मला माझ्या आजीवरून कळते. आजीने उभ्या आयुष्यात क्रिकेटचे मैदान पाहिले नाही. रेडिओ स्वयंपाकघराच्या फळीवर असे आणि सामना चालू असताना ती निवडणे-टिपणे करत ऐके. निर्धाव षटक म्हणजे काय, हे तिला पक्के माहीत होते. 'गली'त उभा असलेला क्षेत्ररक्षक मात्र बरीच वर्षे तिच्या मनात खरोखरच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीपाशी उभा होता. पुढे घरात टीव्ही आला. ती थोडा वेळ बघत बसली आणि म्हणाली, "एवढंच असतं होय?" तिने ऐकलेले मैदान मोठे होते, आणि त्यात आमची गल्लीही होती. आम्ही हसलो. आज वाटते, तिचा तो गैरसमज म्हणजे समालोचकाच्या कामाची पावती होती. खेळ तिच्या घरापर्यंत आला होता.

एवढा विश्वास जिच्यावर, त्या आवाजाची जबाबदारीही तेवढीच. नोव्हेंबर १९६९ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत वेंकटराघवनला यष्टीमागे झेलबाद दिले. रेडिओवरच्या समालोचकाने निर्णयाविषयी शंका बोलून दाखवली. प्रेक्षकांच्या कानाशी ट्रान्झिस्टर होते. लोक मैदानातच बसले होते, डोळ्यांसमोर खेळ चालू होता, तरी त्यांनी डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवला. बाटल्या फेकल्या गेल्या, खुर्च्या जाळल्या गेल्या. समालोचकाच्या लोभस आठवणी सांगताना ही आठवणही सांगितली पाहिजे. लोकांनी आपले डोळे त्याच्या हवाली केलेले असतात. त्याने चूक पाहिले, तर सगळेच चूक पाहतात.

टीव्हीने हे नाते बदलले. चित्र समोर आल्यावर सांगणाऱ्याकडे मते आणि आकडे उरले. काही वर्षे लोक टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावत. बाबाही लावत. चित्र दिल्लीचे नाहीतर परदेशचे, आवाज घरचा. मग तोही मागे पडला.

म्हणून २०२३ साली ओट्यावरच्या फोनमधून मराठी ऐकू आली तेव्हा मी पोळी तव्यावर विसरले. बोलणारे बहुतेक अलीकडचे खेळाडू होते. केदार जाधव मराठी समालोचन करता करता मे महिन्यात बंगळूरच्या संघात खेळाडू म्हणून गेले. काल सांगणारा आज खेळणारा झाला, ही पंडितांच्या काळात सुचलीही नसती अशी गोष्ट. त्यांच्या बोलण्यात 'बळी'पेक्षा 'विकेट' जास्त, 'षटका'पेक्षा 'ओव्हर' जास्त. पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात दुरुस्त्या करत ऐकले. ही भाषांतरकाराची खोड. पण ते एकमेकांशी जसे बोलत होते तसे मैदानावर मराठी मुले खरोखरच बोलतात, हेही खरे होते. पंडितांची मराठी त्यांच्या श्रोत्यांची होती, ही या श्रोत्यांची आहे. मला रुखरुख लागली ती एवढ्यासाठी की, धावता धावता शब्द घडवायची गरज आता त्यांना भासत नाही. चित्र सगळे दाखवते, मग शब्दावर भार कशाला?

बाबांना फोन करून मराठी लावायला सांगितले. त्यांनी दोन षटके ऐकली.

"बरं बोलतात गं," ते म्हणाले. "पण वारा कुठून वाहतोय ते कोणी सांगत नाही."

मी ते ताऊंना हिंदीत सांगितले. ते जिन्यात थांबले, जरा विचार केला आणि म्हणाले, जसदेव सिंह सांगायचे.