रोज एक फोटो कृतज्ञतेचा : छोट्या गोष्टी टिपण्याची सवय कशी लावायची?

तुमच्या मोबाइलची गॅलरी एकदा उघडून पाहा. लाइटबिलाचा फोटो, कुणीतरी पाठवलेली ‘सुप्रभात’ची फुलं, दहा-बारा स्क्रीनशॉट, एकाच लग्नातले एकसारखे बावीस फोटो. आता यात कालच्या दिवसातली अशी एखादी गोष्ट शोधा, जिच्यामुळे तुमचा दिवस थोडा सोपा गेला. न सांगता कुणीतरी भरून ठेवलेली पाण्याची बाटली, गर्दीच्या लोकलमध्ये कुणीतरी थोडं सरकून दिलेली चौथी सीट, पाऊस येताच शेजारच्या काकूंनी काढून ठेवलेले तुमच्या दोरीवरचे कपडे. बहुतेक यातलं काहीच सापडणार नाही. या गोष्टी घडतात, पण आपल्या नजरेतून निसटतात.

त्या निसटू नयेत म्हणून जगभरात अनेक जण एक साधी सवय पाळतात. रोज एक फोटो काढायचा, आणि तोही ज्या गोष्टीबद्दल कृतज्ञ वाटलं तिचा. ही सवय नेमकी काय आहे, ती कुठून आली, तिचा खरंच उपयोग होतो का आणि सुरुवात कशी करायची, हे समजून घेऊया.

नेमकं काय करायचं असतं?

दिवसभरात अशी एक तरी गोष्ट शोधायची, जिच्याबद्दल मनातून ‘बरं झालं हे होतं’ असं वाटतं. तिचा एक फोटो काढायचा आणि त्याखाली एक-दोन ओळी लिहायच्या. एवढंच. महागडा कॅमेरा लागत नाही, फोटो सुंदर येण्याचीही अट नाही.

‘कृतज्ञ’ या शब्दाची फोड केली तर ही सवय लवकर कळते. ‘कृत’ म्हणजे केलेलं आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कुणी काय केलं, हे जो जाणतो तो कृतज्ञ. म्हणजे आभार मानणं ही नंतरची पायरी झाली. आधी जाणणं, म्हणजेच लक्षात येणं. फोटो मदत करतो ती या पहिल्या पायरीवर.

ही कल्पना आली कुठून?

रोज एक फोटो काढण्याची पद्धत सोशल मीडियापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतल्या जेमी लिव्हिंग्स्टन यांनी 31 मार्च 1979 रोजी पोलरॉइड कॅमेऱ्याने दिवसाला एक फोटो काढायला सुरुवात केली. पोलरॉइडमध्ये फोटो लगेच कागदावर छापून बाहेर येतो, त्यामुळे प्रत्येक फोटोला पैसे पडतात आणि ‘वीस काढू, मग एक निवडू’ असं करणं परवडत नाही. मित्र, जेवणाचं टेबल, रस्ता, खोलीतला पसारा असं त्या त्या दिवशीचं काहीही ते टिपत गेले. 25 ऑक्टोबर 1997 रोजी, स्वतःच्या एक्केचाळिसाव्या वाढदिवशी, कर्करोगाने त्यांचं निधन झालं. अखेरच्या आजारपणातही हा क्रम सुरू होता. पुढे 2007 मध्ये मित्रांनी त्या हजारो फोटोंचं प्रदर्शन भरवलं.

लिव्हिंग्स्टन यांचा उद्देश कृतज्ञतेचा नव्हता. ती जोड दिली ऑस्ट्रेलियातल्या छायाचित्रकार हेली बार्थोलोम्यू यांनी. घर, नवरा, दोन मुली असं सगळं असूनही त्यांना आतून उदास वाटत होतं. सल्ल्यासाठी त्या एका ननकडे गेल्या. रोज थोडा विचार करा आणि दिवसातल्या चांगल्या गोष्टीबद्दल कृतज्ञ राहा, असं त्यांना सांगण्यात आलं. लिहिण्यापेक्षा फोटो काढणं त्यांना जवळचं होतं. म्हणून 2008 मध्ये त्यांनी वर्षभर रोज एक पोलरॉइड काढायचा उपक्रम सुरू केला आणि त्याला ‘365 ग्रेटफुल’ हे नाव दिलं.

त्यांनी सांगितलेली एक आठवण फार बोलकी आहे. आपला नवरा फारसा रोमँटिक नाही, अशी त्यांची समजूत होती. एक दिवस फोटोसाठी विषय शोधत त्या स्वयंपाकघरात आल्या. नवरा ताटं वाढत होता. सगळ्यात मोठा तुकडा तो आपल्या ताटात घालतोय, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. नवरा त्या दिवशी बदलला नव्हता. बदलली होती ती पाहणारी नजर.

चांगलं आपल्याला दिसत का नाही?

यात आपला आळस किंवा नाशुक्रेपणा नाही, मनाची घडणच तशी आहे. एक म्हणजे सुखाची सवय होते. नव्या घरात पहिल्या आठवड्यात खिडकीतून येणारं ऊन रोज जाणवतं, सहा महिन्यांनी तीच खिडकी फक्त पुसायची बाब उरते. मानसशास्त्रात याला ‘हेडॉनिक अ‍ॅडाप्टेशन’ म्हणतात. दुसरं म्हणजे वाईट गोष्ट मनावर जास्त ठसते. दिवसभरात नऊ जण नीट बोलले आणि एकाने खोचक शेरा मारला, तर रात्री झोपताना आठवतो तो शेराच.

या ओढीला थोडी उलट दिशा देता येते का, यावर बराच अभ्यास झाला आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलॉ या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं ते लिहायला सांगितलं, काहींना दिवसातल्या कटकटी आणि काहींना साध्या घटना. कृतज्ञतेची नोंद ठेवणाऱ्यांना आपलं आयुष्य तुलनेने अधिक समाधानाचं वाटलं. 2005 मध्ये मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी एक आठवडा रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या हे लिहायला सांगितलं. त्याचा चांगला परिणाम सहा महिन्यांपर्यंत दिसून आला.

इथे ‘का घडल्या’ हा भाग महत्त्वाचा आहे. ‘चहा छान होता’ एवढंच लिहिलं तर नोंद चहाची होते. ‘मला उशीर होतोय हे पाहून भावाने न सांगता चहा ठेवला’ असं लिहिलं की त्यामागचा माणूस दिसू लागतो.

पण फोटो काढताना क्षण हातातून जात नाही का?

शंका रास्त आहे. लिंडा हेन्कल या संशोधक प्राध्यापिकेने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेलं. काही वस्तू फक्त पाहायच्या होत्या, काहींचे फोटो काढायचे होते. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू विद्यार्थ्यांना कमी आठवल्या. जणू लक्षात ठेवायचं काम त्यांनी कॅमेऱ्यावर सोपवलं होतं. पण वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढायला सांगितल्यावर असा तोटा झाला नाही. थांबून, निवडून, बारकाईने पाहिलं की आठवण टिकते.

2016 मध्ये क्रिस्टिन डील आणि सहकाऱ्यांचे प्रयोगही हेच सुचवतात. बसमधून शहर पाहणं, बाहेर जेवणं अशा प्रसंगी फोटो काढणारे लोक त्या अनुभवात अधिक गुंतले आणि त्यांना तो अधिक आवडला. मात्र अनुभव मुळात अप्रिय असेल, तर फोटो काढल्याने तो आणखी नकोसा होऊ शकतो, हेही त्यांना आढळलं.

थोडक्यात, धडाधड क्लिक करत सुटलं तर लक्ष उडतं आणि एकच फोटो काढायचा ठरवला तर लक्ष लागतं.

पोस्ट करायचा की नाही?

सोशल मीडिया वापरणाऱ्यांसाठी हा सगळ्यात कळीचा प्रश्न. अ‍ॅलिक्सांड्रा बराश आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, इतरांना दाखवण्यासाठी फोटो काढणाऱ्यांना तो अनुभव स्वतःसाठी फोटो काढणाऱ्यांपेक्षा कमी आनंदाचा वाटला. कारण ‘मी लोकांना कसा दिसेन’ ही काळजी मध्ये येते. लक्ष समोरच्या गोष्टीवरून उडतं आणि पाहणाऱ्यांकडे जातं.

दुसरी बाजूही आहे. ब्रिटनमधल्या लिझ ब्रूस्टर आणि अँड्र्यू कॉक्स यांनी रोज एक फोटो काढून ऑनलाइन टाकणाऱ्या लोकांशी बोलून अभ्यास केला. या सवयीमुळे त्यांना स्वतःसाठी वेळ मिळाला, इतरांशी संवाद वाढला आणि जुने फोटो पाहून उभारी आली. म्हणजे सगळं शेअर करणं वाईट, असंही नाही.

मधला मार्ग सोपा आहे. पहिले एकवीस दिवस फोटो कुणालाही दाखवू नका. फोनमध्ये वेगळा अल्बम करा. महिनाअखेरीस वाटलं तर एखादा निवडून टाका. काढताना मनात ‘याला लाइक्स येतील का?’ असं आलं, तर तो फोटो कृतज्ञतेचा राहिला नाही, असं समजायला हरकत नाही.

सुरुवात कशी करायची?

• वेळ नाही, खूणगाठ ठरवा. ‘रोज कधीतरी’ म्हटलं की राहून जातं. ‘दुपारचा डबा उघडल्यावर’ किंवा ‘संध्याकाळी चपला काढताना’ असं एखाद्या ठरलेल्या कामाला ही सवय जोडा.

• क्लिक करण्याआधी तीन श्वास थांबा. नुसतं पाहा. प्रकाश कुठून येतोय, आवाज कसला आहे, वास कसला आहे. मग एकच फोटो काढा.

• जवळ जा. संपूर्ण स्वयंपाकघराऐवजी झिजलेल्या पोळपाटाचा फोटो काढा, संपूर्ण बागेऐवजी कुंडीतल्या एका नव्या पानाचा.

• खाली ‘कारण’ लिहा. कुणामुळे, कशामुळे हे घडलं, तेवढी एक ओळ पुरे.

• विषय बदलत ठेवा. सोमवारी माणूस, मंगळवारी वस्तू, बुधवारी निसर्ग, गुरुवारी स्वतःचं शरीर, शुक्रवारी एखादी सार्वजनिक सोय. वेळेवर आलेली एसटी किंवा सकाळीच झाडलेला रस्ता यामागेही माणसांचे कष्ट असतात.

• एखादा दिवस चुकला तर चुकू द्या. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका अभ्यासात आठवड्यातून एकदा कृतज्ञतेची नोंद करणाऱ्यांना फायदा झाला, तर आठवड्यातून तीनदा करणाऱ्यांना तितका झाला नाही. रोजच्या नोंदीचा गृहपाठ होऊ लागला, तर आठवड्याला दोनच फोटो काढा.

• महिन्यातून एकदा सगळे फोटो एकत्र पाहा. सुट्या फोटोंत न दिसलेली गोष्ट इथे दिसते. तीसपैकी अकरा फोटोंत एकच माणूस असेल, तर त्याला हे कधी सांगितलंय का?

फोटोत माणूस असेल तर

सफाई कामगार, भाजीवाल्या मावशी, घरकामाला येणाऱ्या ताई यांच्याबद्दल कृतज्ञता वाटणं चांगलंच. पण विचारल्याशिवाय त्यांचा फोटो काढू नका आणि परवानगीशिवाय तो टाकू नका. चेहरा न घेताही फोटो काढता येतो. नीट रचलेल्या मेथीच्या जुड्या किंवा लख्ख घासलेलं पातेलं पुरेसं बोलतं. आणि फोटोपेक्षा मोलाचं म्हणजे त्यांचा मोबदला वेळेवर देणं.

घरातही हेच लागू पडतं. आईने लाटलेल्या पोळीचा फोटो काढून खाली हृदयाचा इमोजी टाकला आणि ताट तसंच सोडून उठलो, तर ‘कृत’ दिसलं पण ‘ज्ञ’ राहिलं. तो फोटो आधी आईला दाखवा, मग ताट उचला, आणि जमलं तर उद्याची कणीक तुम्ही मळा.

या सवयीच्या मर्यादा

कृतज्ञतेचा फोटो हे औषध नाही. अमेरिकेतल्या डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीव्हन्स यांनी 27 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नैराश्य आणि चिंतेची लक्षणं कमी करण्यात अशा उपायांचा परिणाम फारच थोडा असल्याचं त्यांना दिसलं. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही 14416 या क्रमांकावरची मोफत हेल्पलाइनही आहे.

दुसरी मर्यादा तितकीच महत्त्वाची. कृतज्ञता म्हणजे अन्याय गोड मानून घेणं नव्हे. पगार थकला असेल, घरात मारहाण होत असेल, तर ‘चांगलं बघ ना’ हा सल्ला क्रूर ठरतो. चांगल्याची नोंद ठेवणं आणि वाईटाविरुद्ध बोलणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकाच माणसाला दोन्ही करता येतात. दुःखाच्या दिवसांत फोटो काढावासा वाटला नाही, तर अल्बममध्ये तेवढे दिवस रिकामे राहू द्या.

आजचा पहिला फोटो

हे वाचून झाल्यावर फोन खाली ठेवण्याआधी आजूबाजूला पाहा. पंखा चालू असेल, कुणीतरी कपडे घडी करून ठेवले असतील, शेजारून फोडणीचा वास येत असेल. वासाचा फोटो काढता येत नाही, पण तो ज्या खिडकीतून येतोय तिचा येतो. एक फोटो काढा, खाली एक ओळ लिहा. आणि त्या ओळीत कुणाचं नाव आलं, तर आज झोपण्याआधी त्या माणसाला तसं सांगून टाका.