कलम 72मधील रिकामी जागा

स्वित्झर्लंडच्या राज्यघटनेतील 72वे कलम धर्मसंस्था आणि राज्य यांच्या संबंधांविषयी आहे. कलम लहान आहे. हा विषय कँटनांच्या, म्हणजे घटक राज्यांच्या, अखत्यारीतला असल्याचे पहिले पोटकलम सांगते. भिन्न धर्मीयांत शांतता राहावी म्हणून उपाय योजण्याची मुभा दुसरे पोटकलम देते. तिसऱ्यात एकच छोटे वाक्य आहे : मिनार बांधण्यास मनाई. 29 नोव्हेंबर 2009च्या सार्वमताने ते घटनेत आले. पण त्याच जागी पूर्वी दुसरे वाक्य होते. संघराज्याच्या संमतीवाचून नवे बिशपक्षेत्र स्थापता येणार नाही, असे ते बजावत असे. रोख अर्थातच कॅथलिकांवर होता. 10 जून 2001 रोजी मतदारांनी ते रद्द केले. म्हणजे ती जागा आठ वर्षे रिकामी होती.

मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नव्हे. माझी नोकरी इमारतींचे नकाशे तपासण्यात गेली आणि वाचन फावल्या वेळात झाले. त्यामुळे मिनारबंदीकडे मी प्रथम पाहिले ते बांधकाम परवानगीचे एक प्रकरण म्हणून. ओल्टेनजवळच्या वांगेन या गावी तुर्की सांस्कृतिक मंडळाने 2005मध्ये आपल्या इमारतीच्या छपरावर सुमारे सहा मीटरांचा मिनार उभारण्यासाठी अर्ज केला. सहा मीटर म्हणजे आपल्याकडच्या दोन मजल्यांची उंची. त्यावरून बांगही दिली जाणार नव्हती. गावाच्या बांधकाम समितीने अर्ज फेटाळला, कँटनच्या खात्याने तो मंजूर केला, आणि वाद थेट संघीय न्यायालयापर्यंत गेला. 2007मध्ये मंडळाच्या बाजूने निकाल लागला. जानेवारी 2009मध्ये मिनार उभा राहिला.

न्यायालयात हरलेल्या बाजूला स्वित्झर्लंडमध्ये आणखी एक दार उघडे असते. अठरा महिन्यांत एक लाख सह्या जमवल्या, तर घटनादुरुस्तीचा प्रस्ताव थेट जनतेपुढे जातो. मिनारविरोधकांनी 1 लाख 13 हजारांहून अधिक सह्या जमवल्या. सरकार आणि संसद या दोघांनीही प्रस्ताव नाकारावा असे सुचवले होते. तरीही 57.5 टक्के मते बंदीच्या बाजूने पडली. विरोधात कौल दिला तो जिनिव्हा, व्हो, नोशातेल आणि बासेल शहर या चारच कँटनांनी. त्या दिवशी साऱ्या देशात मिनार होते चार : झुरिक, जिनिव्हा, विंटरथूर आणि वांगेन.

बंदीच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद असा होता की नमाजाला मिनार लागत नाही. मशिदी चालू राहतील, नव्या बांधताही येतील. मग उपासनास्वातंत्र्याला धक्का कुठे लागला? युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. मात्र युरोपच्या इतिहासात तो नवा नाही. त्याचे पूर्वीचे धनी ख्रिस्तीच होते आणि भोगणारेही ख्रिस्तीच.

प्रॉटेस्टंट सत्तेखालच्या ॲम्स्टरडॅममध्ये कॅथलिकांना उघड उपासनेची मनाई होती, पण बंद दाराआड चाललेल्या उपासनेकडे कानाडोळा केला जाई. 1663मध्ये कालव्याकाठच्या एका घराच्या माळ्यावर सजवलेले चर्च आजही संग्रहालय म्हणून पाहता येते. रस्त्यावरून ते साधे घर दिसते. कॅथलिक ऑस्ट्रियात बाजू उलटी होती. सम्राट दुसऱ्या जोसेफने 1781मध्ये प्रॉटेस्टंटांना प्रार्थनागृहे बांधू दिली, पण मनोरा नको, घंटा नको, रस्त्याकडून दरवाजा नको, या अटींवर. प्रार्थनेला परवानगी आणि दिसण्याला मनाई, हीच ती जुनी तडजोड. मनोरा उपासनेला लागत नाही हे खरेच. मनोरा सांगतो ते एवढेच की आम्ही इथले आहोत आणि लपून राहात नाही. म्हणून बंधने आधी मनोऱ्यावर येतात, आणि मनोऱ्यावरची बंदी उपासनेविषयी नसली तरी नागरिकत्वाविषयी असते.

स्वित्झर्लंडला हा धडा स्वतःच्या घरातून मिळालेला होता. 1847च्या यादवी युद्धात कॅथलिक कँटन हरले. पुढच्याच वर्षी आलेल्या घटनेने जेझुइट संघाला देशात मज्जाव केला. हा मज्जाव 1973मध्ये सार्वमतानेच उठला, म्हणजे 125 वर्षांनी. ज्यूंना वस्तीचे स्वातंत्र्य 1866मध्ये आणि उपासनेचे 1874मध्ये मिळाले. 1891मध्ये नागरिकांच्या घटनादुरुस्ती प्रस्तावाची आजची पद्धत सुरू झाली. तिचा पहिला वापर कशासाठी झाला? जनावराला आधी बेशुद्ध न करता कापण्याच्या ज्यू धर्मविधीवर बंदी घालण्यासाठी. प्राणिदया आणि ज्यूद्वेष त्या मोहिमेत एकमेकांत मिसळून गेले होते. सरकार आणि संसदेचा तेव्हाही विरोध होता. 20 ऑगस्ट 1893 रोजी सुमारे 60 टक्के मतांनी प्रस्ताव संमत झाला. तो निर्बंध पुढे घटनेतून प्राणिसंरक्षण कायद्यात गेला आणि आजही लागू आहे. 2009मध्ये कॅथलिक बिशपांची परिषद आणि ज्यूंची देशव्यापी संघटना या दोघांनी मिनारबंदीला जाहीर विरोध केला, त्यामागे ही स्मृती होती असे मला वाटते.

एक धागा आपल्या उपखंडापर्यंत येतो. झुरिकची महमूद मशीद, म्हणजे देशातला पहिला मिनार, पंजाबातल्या कादियान गावी उगम पावलेल्या अहमदिया पंथाने बांधली. 1963मध्ये तिचे उद्घाटन केले ते मुहम्मद झफरुल्ला खान यांनी. ते तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष होते. शहराचे महापौरही समारंभाला हजर होते. मशिदीसमोरच चर्च आहे. पुढे 1984च्या अध्यादेशाने पाकिस्तानात याच पंथाला आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणेही गुन्हा ठरले. कोणाचे प्रार्थनास्थळ कसे दिसावे आणि त्याला काय म्हणावे हे ठरवण्याचा मोह बहुसंख्याकांना होतो. त्याला विशिष्ट धर्म लागत नाही.

मिनारबंदीविरुद्ध स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेलेल्या तक्रारी 2011मध्ये दाखलच करून घेतल्या गेल्या नाहीत, कारण तक्रारदारांपैकी कोणाचाही प्रत्यक्ष मिनार अडलेला नव्हता. पोटकलम कायम आहे. ते काढायचे तर पुन्हा मतदारांकडेच जावे लागेल. जेझुइटांवरचा आणि बिशपक्षेत्रांवरचा निर्बंध मतदारांनीच उठवला, ही आशेची बाजू. त्याला किती काळ लागला, ही दुसरी.

आरगाउ कँटनमध्ये एंडिंगेन नावाचे गाव आहे. ज्यूंना देशात इतरत्र राहू दिले जात नसे, तेव्हा या गावात आणि शेजारच्या लेंगनाउत त्यांना वस्ती करता येई. एंडिंगेनमध्ये चर्च नव्हते. म्हणून 1852च्या सिनेगॉगवरच घड्याळ आणि घंटा बसवण्यात आली, आणि ख्रिस्ती शेजारीही त्याच घड्याळावर वेळ पाहू लागले.