संडास-बाथरूम वर असावे की खाली? घरात ज्येष्ठ असतील तर हे वाचा

"डॉक्टर, घराचं काम काढलंय. संडास-बाथरूम वर नेलं तर खालची खोली मोठी होते. बाबांना चालेल ना?" ब्लडप्रेशर तपासून झाले, औषधांची चिठ्ठी हातात पडली, की उठता उठता हा प्रश्न येतो. गवंड्याशी बोलणे आधीच झालेले असते. तरीही तो विचारला जातो हे चांगलेच, कारण हा प्रश्न फक्त जागेचा नाही.

आपल्या उपनगरांत तो बऱ्याच घरांना लागू पडतो. जागतिक बँकेच्या मदतीने १९८०च्या दशकात गोराई आणि चारकोपला छोटे भूखंड दिले गेले. त्यावर बैठी घरे उभी राहिली आणि कुटुंब वाढले तसे त्यांच्यावर मजले चढले. घाटकोपर-मुलुंडच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांतही खाली एक खोली, वर माळा आणि मध्ये उभा लोखंडी जिना, अशी घरे गल्लोगल्ली दिसतात. जे तेव्हा पस्तिशीत होते ते आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. जिना मात्र तितकाच उभा आहे.

थोडक्यात उत्तर असे: घरातली जी व्यक्ती रात्री लघवीला उठते, ती झोपते त्याच मजल्यावर संडास हवा. घरात एकच संडास होणार असेल आणि ज्येष्ठ खाली झोपत असतील, तर तो खालीच ठेवा.

रात्रीचाच विचार आधी का?

दिवसा माणूस पूर्ण जागा असतो, उजेड असतो, हाक मारायला कोणी तरी असते. रात्री यातले काहीच नसते. साठीनंतर रात्री एक-दोनदा उठावे लागणे सर्रास आढळते. पुरुषांत प्रोस्टेटची वाढ, मधुमेहात वाढलेली साखर, हृदयाच्या किंवा पायांवरच्या सुजेच्या रुग्णांत आडवे झाल्यावर लघवीवाटे बाहेर पडणारे पाणी, अशी कारणे असतात. गरोदरपणातही वारंवार उठावे लागते, म्हणजे सुनेच्या बाबतीतही हा विचार करावा लागतो.

झोपेतून झटकन उभे राहिले की काहींचे रक्तदाब एकदम उतरतो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने कमी झाला, तर आम्ही त्याला उभे राहिल्यावरचा कमी रक्तदाब म्हणतो. डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो. ब्लडप्रेशरच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी हे वाढते. नेमक्या अशा अवस्थेत, घाई लागलेली असताना, अंधारात दहा-बारा पायऱ्या चढायला लावणे धोक्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, आणि त्यात साठीपुढच्यांचे प्रमाण मोठे आहे.

गुडघ्यांचेही पाहा. जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो. संडास वर असला की गुडघे दुखणाऱ्या बायका एक उपाय शोधतात: पाणीच कमी पितात. मग लघवीला जळजळ, बद्धकोष्ठता आणि उन्हाळ्यात चक्कर. तक्रार घेऊन त्या येतात लघवीची, पण मूळ जिन्यात असते.

"पण खाली पावसाचं पाणी येतं"

ही अडचण खरी आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्याच्या घरांत काय झाले ते आपण पाहिले आहे. आजही सखल भागात मोठा पाऊस झाला की खालच्या संडासातून पाणी उलटे येते. त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. अशा घरात संडासाची जोती उंच घ्यावी आणि पाणी उलटे येऊ न देणारी झडप बसवता येईल का, हे प्लंबरला विचारावे. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यातून चालावे लागले, तर ताप येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.

शक्य असेल तर अशा घरांत दोन्हीकडे सोय करावी. वरचे बाथरूम करणार असाल तर आणखी दोन गोष्टी. पाणी ठरावीक वेळीच येत असेल आणि वर टाकी-पंप नसेल, तर बादल्या जिन्याने वर कोण नेणार ते आधी ठरवा. आणि माळ्यावरच्या चिमुकल्या, खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये गॅस गिझर कधीही लावू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अंघोळ करणारा आतल्या आत बेशुद्ध पडतो.

संडास आधीच वर आहे, आता काय?

तोडफोड करण्यापूर्वी अंथरूण हलवून पाहा. वर झोपण्यासारखी जागा असेल तर ज्येष्ठांची रात्रीची झोप वर, दिवस खाली, असे जमते का बघा. पण जिना शिडीसारखा उभा असेल, किंवा लकवा, पार्किन्सन, नुकतेच झालेले गुडघ्याचे ऑपरेशन यांपैकी काही असेल, तर त्यांना खालीच ठेवा आणि पलंगाजवळ कमोडची खुर्ची ठेवा. पुरुषांसाठी लघवीचे भांडेही पुरते. अनेक ज्येष्ठांना याचा संकोच वाटतो. "खोलीत घाण नको" म्हणतात. त्यांच्याशी नीट बोला, मध्ये पडदा लावा आणि भांडे सकाळी न सांगता उचला. खाली मोरी असेल तर रात्रीच्या लघवीपुरता तिचाही उपयोग करता येतो. फक्त ती कोरडी आणि उजेडात हवी.

जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, वर आणि खाली दोन्हीकडे दिव्याचे बटण, पायरीच्या कडेला पिवळी पट्टी हवी. एक पाय दुखरा असेल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उठताना पलंगाच्या कडेवर दोन मिनिटे बसून घोटे हलवा, मग उभे राहा. पुरुषांनीही रात्री बसूनच लघवी करावी. उभ्याने करताना घेरी येऊन पडलेले रुग्ण आम्ही पाहतो.

आणि फ्लॅटमध्ये राहता म्हणून हे सगळे सोडून देऊ नका. मुलुंड-अंधेरीच्या जुन्या इमारतींत बाथरूमच्या दारात चार-पाच इंचांचा उंचवटा असतो. तो एका पायरीचा जिनाच. ओल्या लादीवर माणूस आधाराला टॉवेलचा दांडा नाही तर नळ धरतो, आणि तो हातात येतो. भिंतीत पक्का बोल्ट मारलेला आधाराचा दांडा बसवा. कमोडची उंची साधारण १८ इंच असली की उठणे सोपे जाते. दार बाहेर उघडणारे आणि कडी बाहेरूनही काढता येणारी हवी. पडलेला माणूस आत दाराला टेकला, की आत उघडणारे दार उघडत नाही.

डॉक्टरांना काय विचाराल?

रात्री दोनपेक्षा जास्त वेळा उठावे लागत असेल तर साखर, लघवी आणि प्रोस्टेट तपासून घ्या. बसून आणि उभे राहून असा दोनदा रक्तदाब मोजायला सांगा. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी असेल तर ती सकाळी घेता येईल का, ते विचारा. गोळी स्वतःहून बंद करू नका.

कोणी पडलेच, आणि पाय टेकवत नसेल, किंवा एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडलेले असू शकते. उचलून जिन्याने उतरवू नका. १०८ला फोन करा आणि जिना अरुंद आहे, माणूस वरच्या मजल्यावर आहे, हे फोनवरच सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला असेल, तर माणूस नीट बोलत असला तरी त्याच रात्री रुग्णालयात न्या.