मैलावाहिनी, घरगुती : दोषशोध व दुरुस्ती

संडास, न्हाणीघर आणि मोरीचे पाणी उताराने घराबाहेर नेणारी बंद नळवाट. बोलीत ‘ड्रेनेज लाइन’. पलूस (जि. सांगली) परिसरात ती बहुधा सेप्टिक टाकीत आणि पुढे शोषखड्ड्यात संपते. म्हणून ‘लाइन तुंबली’ असे कळले, की नळ, टाकी आणि जमीन यांपैकी दोष कुठे आहे ते आधी ठरवावे, पहार नंतर. फरशी फोडून मग दोष शोधण्याची सवय घरमालकाला फार महागात पडते.

एकाच भांड्याचे पाणी अडत असेल, तर दोष बहुतेक त्याच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी धरून वास अडवणाऱ्या बाकात, असतो. अंगण खणण्याचे कारण नाही. वरच्या मजल्यावर बादली ओतल्यावर खालच्या मोरीत बुडबुडे येत असतील, तर मुख्य नळ तुंबत आला आहे किंवा हवानळी बंद आहे. खरा पुरावा नळवाटेवरच्या तपासणी-चेंबरांत मिळतो. वरचे भरलेले आणि खालचे रिकामे, तर अडथळा दोहोंमधल्या नळात. सगळीच भरलेली, तर टाकी भरली आहे किंवा शोषखड्डा पाणी घेत नाही. नळ मोकळा झाल्यावर एका चेंबरात विजेरी आणि दुसऱ्यात आरसा धरतात. पूर्ण गोल दिसला तर नळ सरळ. तळाशी पाण्याची कोर दिसली तर तिथे झोळ पडला आहे. आता नळात सोडायचे कॅमेरेही मिळतात, पण घरगुती लांबीला आरसा पुष्कळदा पुरतो.

इथली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. या हालचालीने जुन्या झिलईदार मातीच्या नळांचे सिमेंटचे सांधे उकलतात आणि पिंपळ-उंबराची मुळे आत शिरतात. कृष्णाकाठी दुसरी अडचण आहे. उसाला वर्षानुवर्षे दिलेल्या पाण्याने भूजल वर आले, जमिनी क्षारपड झाल्या. अशा जागी शोषखड्डा पाणी जिरवीत नाही आणि नळ कितीही बदलला तरी तक्रार राहते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांसारख्या वेळी भिलवडी, अंकलखोप अशा नदीकाठच्या गावांत टाक्याच पाण्याखाली जातात. पूर ओसरल्यावर आधी टाकीतला गाळ पाहावा.

साधा तुंबा बांबूच्या कामट्यांनी किंवा स्प्रिंगने निघतो. चरबी-गाळाला पाण्याचा जोरदार झोत लागतो. फुटका किंवा झोळ पडलेला तुकडा मात्र बदलावाच लागतो. चार इंची नळाला साधारण चाळीस फुटांना एक फूट उतार देतात. चराच्या तळाची काळी माती काढून मुरूम ठोकावा, त्यावर वाळूचा थर.

टाकी दोन-तीन वर्षांनी सक्शन गाडीने उपसावी. माणूस आत कधीही उतरवू नये. हायड्रोजन सल्फाइड वायू थोड्याच वेळात वास घेण्याची शक्ती मारतो, म्हणून ‘वास येत नाही’ हा भरवसा जीवघेणा आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय सफाईला माणूस उतरवणे गुन्हा ठरवले असून तो खासगी घरमालकालाही लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. अशा सफाईत होणाऱ्या मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली.

चर बुजवण्याआधी खालचे तोंड बंद करून नळ पाण्याने भरावा आणि प्रत्येक सांधा हाताने चाचपावा. भिंतीपासून नळाचे अंतर मोजून घराच्या कागदपत्रांत लिहून ठेवावे.