अक्षर कोणाच्या मालकीचे?

गेल्या भीमजयंतीला कन्नडमध्ये आम्ही छोटी स्मरणिका काढली. डीटीपीवाल्याने दिलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, तर बाबासाहेबांच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला! त्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता. एक तर विकत घ्या, नाहीतर चोरून टाका. आपले कार्यकर्ते काय करतात, हे सांगायला नको.

मग अक्षराचा मालक कोण?

देवनागरी छपाईचा इतिहास हा हाताने काम करणाऱ्यांचा इतिहास आहे. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टाइप घासणाऱ्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप ओतण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरची सुबक अक्षरे कोरली राणोजी रावजी आरू यांनी. तिथे छापलेल्या संस्कृत ग्रंथांचे संपादक पंडित आपल्याला माहीत असतात. आरूंचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

कायद्यानेही या श्रमाला पुरते स्थान दिले नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात टाइपफेसचा स्वतंत्र उल्लेख नाही. 'आनंदा एक्स्पांडेड इटॅलिक्स' प्रकरणात कॉपीराइट बोर्डाने टाइपफेसला कॉपीराइट नाकारला. डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी केली तर जास्तीत जास्त १५ वर्षे संरक्षण मिळते. मात्र फॉन्टची संगणकीय फाइल प्रोग्राम म्हणून कॉपीराइटमध्ये येऊ शकते. म्हणजे अक्षराला वळण देणारा हात दुर्लक्षित आणि सॉफ्टवेअर संरक्षित!

बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील कॉपीराइट २०१६ अखेर संपला. विचार सर्वांचे झाले. पण तेच विचार जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केले, तर ते पुन्हा कुलूपबंद होतात. ज्यांना हजारो वर्षे अक्षर नाकारले, त्यांनी स्वतःच्या हाताने हे कुलूप का लावावे?

काही जण म्हणतील, मग चोरी करण्यात गैर काय? गैर आहे. फॉन्ट घडवणाराही श्रमिकच आहे, आणि श्रमाचा मोबदला बुडवणे ही आपली चळवळ नव्हे. मार्ग उपलब्ध आहे. एक टाइपचा 'मुक्त' फॉन्ट युनिकोडमध्ये आहे, खुल्या परवान्याने फुकट आहे. तो वापरा आणि स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर घडवणाऱ्यांचे नाव छापा.

१९२० मध्ये 'मूकनायक'ने मुक्यांना आवाज दिला. तो आवाज उद्याच्या पोराच्या मोबाइलवर वाचता येईल, याची जबाबदारी आपली आहे.

जय भीम!